कोणता पाम टिकतो? नागपूरच्या नोंदी

१ डिसेंबर २०२४, रविवार

सोसायटीच्या बैठकीत ठरलं: येत्या पावसाळ्यात आतल्या रस्त्याच्या कडेनं चोवीस झाडं लावायची. जागा अरुंद, खालून ड्रेनेजची लाइन. फरशी उचलणारं झाड नको, म्हणून सगळ्यांचा कल पामकडे. त्यात चूक काही नाही. पामची मुळं दोरीसारखी असतात, वडा-पिंपळासारखी जाड होत जात नाहीत. अध्यक्षकाकांना रॉयल पाम हवेत, दोन्ही बाजूंना सरळ रांगेत, एखाद्या मोठ्या हॉटेलच्या दारात असावेत तसे. मी म्हटलं, जूनपर्यंत वेळ आहे, तोवर शहरात कोणते पाम कुठे आणि कसे उभे आहेत ते बघून सांगते. काका म्हणाले, “बघा. पण लिहून द्या.” म्हणून ही वही.

वहीला आणखी एक निमित्त आहे. माझी भाची गेल्या वर्षी अमेरिकेत उत्तर कॅरोलिनातल्या विल्मिंग्टनला राहायला गेली. तिथून जवळच राइट्सव्हिल बीच नावाची समुद्रकाठची वस्ती आहे. काल तिनं तिथल्या घरांसमोरचे फोटो पाठवले. खाली लिहिलं होतं, “मावशी, इथे कधीकधी बर्फ पडतो. आणि दारोदारी पाम! हे मरत कसे नाहीत?” चोवीस वर्षं मुलांना वनस्पतिशास्त्र शिकवलं, पण या प्रश्नाला चटकन उत्तर देता आलं नाही. दोन्ही प्रश्न एकाच वहीत लिहिते.

७ डिसेंबर

भाचीला सांगितलं होतं, झाड लांबून एकदा, खोड जवळून एकदा आणि पानाचा देठ जिथे पात्याला मिळतो तिथला एक, असे तीन फोटो काढ. पोरीनं अकरा झाडांचे तेहेतीस फोटो पाठवले. दुपारभर तेच बघत बसले.

सात झाडांच्या खोडावर तपकिरी गोणपाट गुंडाळल्यासारखे तंतू आहेत आणि पान पंख्यासारखं. हा विंडमिल पाम, ट्रॅकिकार्पस फॉर्च्युनाय. मूळचा चीनचा. रॉबर्ट फॉर्च्युन या वनस्पती गोळा करणाऱ्या माणसाचं नाव त्याला मिळालं आहे. उणे १५ अंशांच्या आसपासची थंडीही तो झेलतो.

दोन झाडांचं पान पंख्याचंच, पण मधली शीर पात्यात लांबवर शिरून धनुष्यासारखी खाली वाकलेली. देठाला काटा नाही. हा सबाल पामेटो, तिथलाच. विल्मिंग्टनच्या दक्षिणेला केप फिअर नदीच्या मुखाशी बाल्ड हेड नावाचं बेट आहे. आपोआप उगवणाऱ्या सबालची उत्तरेकडची हद्द तिथे संपते असं मानतात.

उरलेले दोन पिसासारख्या पानांचे, निळसर करडे, झावळ्या कमानीसारख्या जमिनीकडे वळलेल्या. हा पिंडो पाम, दक्षिण ब्राझील-उरुग्वेकडचा. त्याच्या फळांची तिकडे जेली करतात.

अकरात एकही नारळ नाही, हे भाचीला मुद्दाम लिहून कळवलं. समुद्रकाठ म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे नारळच येतो.

१५ डिसेंबर, रविवार

महाराजबागेपासून सिव्हिल लाइन्स पायी. सोबत आमच्या सोसायटीचे माळीदादा. मूळचे काटोलकडचे, तीस वर्षं बागकाम करताहेत.

पहिली अडचण नावांची. रस्त्यावर ज्याला त्याला ‘बॉटल पाम’ म्हणतात, त्यातले बहुतेक रॉयल असतात. खरा बॉटल पाम मॉरिशसजवळच्या बेटावरचा, बुटका, खोड खाली फुगलेलं आणि डोक्यावर चार-सहाच झावळ्या. रॉयल क्युबा-फ्लोरिडाकडचा, उंच, राखाडी सिमेंटच्या खांबासारखा, वर हिरवी गुळगुळीत मान. चार जणांना विचारलं, चौघांनीही रॉयलला बॉटल म्हटलं. मग कुठला पाम थंडीत गेला हे कोणी सांगितलं, तरी तो नेमका कोणता होता हे कसं समजायचं?

माळीदादांना पात्याची खूण दाखवली. झावळीतली एक पाती आडवी चिरून बघायची. घडी वर उघडी, म्हणजे पन्हाळीसारखी पाणी धरणारी, तर तो खजूर-शिंदीच्या घरातला. घडी छपरासारखी, पाणी दोन्हीकडे ओघळवणारी, तर नारळ, सुपारी, रॉयल, अरेका वगैरे. दादांनी तिथल्या तिथे पाच झाडांवर करून पाहिलं आणि म्हणाले, “इतके वर्सं झाले ताई, रोज हात लागते याले, पन हे नाही पाह्यलं कधी.” मला वर्गात शिकवल्याचं इतकं समाधान क्वचितच मिळालं असेल.

जुन्या बंगल्यांच्या आवारांत लिव्हिस्टोना, पंख्यासारख्या पानांचा पाम, भरपूर आहे. पंख्याची टोकं झालरीसारखी खाली लोंबतात, त्यावरून लांबूनही ओळखू येते. ही सगळी झाडं वयस्कर आणि निरोगी, त्यामुळे यादीत तिला वरची जागा. वॉशिंग्टोनिया दोनच दिसले. देठाला करवतीसारखे दात, पात्यांत पांढरे धागे. मूळ अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडच्या वाळवंटातल्या झऱ्यांकाठचा. ऊन आणि कोरडी थंडी दोन्ही त्याच्या ओळखीची.

२२ डिसेंबर

कडाका. पहाटे साडेपाचला अंगणातला तापमापक ९ अंशांवर. साडेसहाला फुटाळ्याच्या काठावर गेले, तिथे ११. तलावानं दोन अंश राखले. पाणी सावकाश तापतं आणि सावकाशच निवतं, एवढंच त्यामागचं कारण, पण स्वतः मोजल्यावर त्याची गोडी वेगळी. भाचीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर फुटाळ्यावर मिळालं. तिच्या दारात तर अख्खा अटलांटिक आहे.

उरलेलं अर्धं झाडाच्या पोटात आहे. आंब्याची फांदी थंडीनं करपली तर खालून दुसरी फुटते. बहुतेक पामना ती सोय नाही. एका खोडाला वाढीचा एकच कोंब, शेंड्यात, झावळ्यांच्या बुडांच्या कुशीत लपलेला. तो गोठला की झाड संपलं, खोड वर्षभर उभं दिसलं तरी. खोडाला आंब्यासारखी साल भरून येण्याची शक्ती नाही. खिळा ठोकला तर ती जखम जन्मभर तशीच. म्हणून पामचा थंडीशी सगळा लढा या कोंबाभोवती चालतो. विंडमिलचे गोणपाटी तंतू आणि सबालच्या वाळलेल्या देठांच्या बुडांचे थर या कोंबावर पांघरूण घालतात. आपल्याकडे बागा ‘साफ’ करताना हेच सगळं खरवडून खोड चकचकीत करतात. दादांना विनंती केली, निदान शिंदीचं तरी तसं करू नका.

२९ डिसेंबर

२०१८ साली याच तारखेला नागपुरात ३.५ अंश नोंदले गेले होते. तेव्हा आमच्या गल्लीत काय झालं होतं ते आज घरोघरी विचारलं. लोकांना त्या सकाळची आठवण पक्की आहे, झाडांची कमी. जे एकापेक्षा जास्त तोंडांतून आलं तेवढंच लिहिते. कुंडीतल्या अरेकाच्या झावळ्यांवर तांबूस डाग पडले, उघड्यावरच्या जास्त, व्हरांड्यातल्या कमी. एका घरी हौसेनं आणलेला लिपस्टिक पाम त्याच थंडीत गेला. तो मलेशिया-बोर्निओच्या दलदलीतला, वर्षभर उबेत राहणारा. तो इथे तगणं कठीणच. नारळ पिवळे पडले, पण मेले नाहीत. रॉयलला काही झालं नाही.

लक्षात घ्यायचं ते हे, की ते ३.५ अंश पहाटेच्या काही तासांचे होते. सूर्य वर आला की इथली हवा झपाट्यानं तापते, आणि हवा कोरडी. पामच्या शेंड्यात पाणी साठून ते थंड होणं हे नुसत्या थंडीपेक्षा वाईट, कारण मग कोंब कुजतो. काटोलचे संत्रा बागायतदार थंडीच्या लाटेत रात्री ओलीत करतात, बांधावर धूर करतात. ती युक्ती जमिनीपुरती आहे. ती ऐकून कुणी पामच्या डोक्यावर पाणी ओतायला जाऊ नये.

५ जानेवारी २०२५

भाचीशी दीड तास बोलले. तिला १९८९ ची गोष्ट सांगितली. त्या डिसेंबरात २२ ते २४ तारखेला विल्मिंग्टनवर १५ इंचांहून अधिक, म्हणजे सुमारे ३९ सेंटीमीटर बर्फ पडला आणि नाताळच्या दिवशी पारा उणे १८ अंशांपर्यंत उतरला. आणि बाल्ड हेडवरचं सबालचं रान आजही तिथे आहे.

ती म्हणाली, “म्हणजे मावशी, समुद्रामुळे नाही, झाडामुळेच.”

दोन्हीमुळे. समुद्र दरवर्षीची नेहमीची थंडी बोथट करतो आणि रेताड जमीन मुळांशी पाणी थांबू देत नाही. पण तीस-चाळीस वर्षांतून एकदा येणाऱ्या रात्री समुद्र पुरत नाही. त्या रात्री झाडाच्या अंगात काय आहे तेच कामाला येतं. मला वाटतं, कुठल्याही गावात झाड निवडताना अशाच रात्रीचा विचार करावा. आणि नागपुरात अशा दुपारचाही.

सबालची एक गोष्ट तिला फार आवडली. २८ जून १७७६ ला दक्षिण कॅरोलिनात सलिव्हन बेटावरच्या किल्ल्यावर इंग्रजी आरमारानं तोफा डागल्या. किल्ला सबालच्या ओंडक्यांचा होता. गोळे त्या मऊ, तंतुमय खोडांत रुतून बसले, भिंत फुटली नाही. त्या राज्याच्या झेंड्यावर अजून हा पाम आहे.

१२ जानेवारी

आजचा दिवस शिंदीचा.

दादांच्या मोटारसायकलवर मागे बसून गोरेवाड्यापुढे काटोल रोडनं निघालो. शहर संपून शेतं लागली की नाल्याच्या काठानं शिंदी दिसू लागतात. एक, मग तीन, मग दहा-बाराचा घोळका. फिनिक्स सिल्व्हेस्ट्रिस, खजुराची सख्खी बहीण. राखाडी-हिरवा गोल शेंडा, खोडावर गळलेल्या झावळ्यांची खवल्यांसारखी बुडं. त्या खाचांत धूळ साठते, पाखरं बिया टाकतात, आणि एका शिंदीच्या छातीतून पिंपळाचं रोप डोकावत होतं. दुसरीवर सुगरणीचे गेल्या पावसाळ्यातले रिकामे खोपे लोंबत होते. एका जुन्या झाडाचं खोड नागमोडी, कारण रस काढताना आलटून पालटून एकेका बाजूला छेद देतात, त्याच्या त्या खुणा. म्हातारी माणसं असं झाड बघून ते किती वर्षं उतरवलं होतं ते मोजून सांगत, असं दादा म्हणाले.

त्यांच्या आईचा या झाडावर संसार चालायचा. पानांचे फडे बांधून बाजारात न्यायची, चटया विणायची. “या झाडाले कोनी पानी नाही देत ताई, खत नाही देत. ढोरं खात नाही, काटा लागते. तरी पाहा कसं उभं हाय.” थंडीचं विचारलं तर हसले. “थंडीनं शिंदी मेली असं मी तरी आयकलं नाही.”

ऐकलं नसणारच. ही जात उणे आठ-नऊ अंशांपर्यंत तग धरते. नागपूरच्या नीचांकापासून ती बारा अंश लांब उभी आहे. आणि मे महिन्यातली लू तिच्या घरचीच. इथून सव्वाशे किलोमीटरवरच्या छिंदवाड्याचं नावही याच झाडावरून, छिंद म्हणजे शिंदी, आलं असं सांगतात. आम्ही क्युबा, मादागास्कर, क्वीन्सलँडकडच्या पामची यादी करत बसलो आणि हे झाड नाल्याच्या काठी कुणी न लावता वाढतं आहे. चार शिंदी रस्ता रुंदीकरणात तोडून बांधाला टाकलेल्या दिसल्या. शेंड्यातून अजून रस पाझरत होता. मला तिथून हलवेना. दादा काही न बोलता गाडीजवळ थांबले.

पहाटेचा पारा तिथे उघड्या शेतात ६.५ होता. घरी ८.५.

२ फेब्रुवारी

भाची विचारते, विंडमिल पाम नागपूरला का लावत नाहीस? लावला होता. सहा वर्षांपूर्वी रोप आणलं, थंडीत झकास वाढलं, पहिल्या मे महिन्यात पानं कडेनं वाळत गेली आणि जूनमध्ये शेंडा हातात आला. मधलं कोवळं, न उलगडलेलं पान हलकेच ओढलं आणि ते निसटून आलं तर कोंब गेला समजायचं. तेव्हा सावली दिली होती, पाणी दिलं होतं. गरम रात्रींना उपाय नव्हता.

त्याचं एक भावंड आपल्याच देशात आहे, ट्रॅकिकार्पस ताकिल, कुमाऊंत पिथोरागडच्या डोंगरांत दोन हजार मीटरच्या वर, जिथे हिवाळ्यात बर्फ पडतो. दुसरं मेघालयात खासी टेकड्यांवर. ती झाडं तिथेच शोभतात. बिया मागवायचा मोह झाला होता, आवरला.

१६ मार्च

धरमपेठेत एका घरी नारळाच्या नव्या झावळीवर कात्रीनं कापल्यासारखे त्रिकोण. गेंड्या भुंगा. कोवळं पान गुंडाळलेलं असतानाच तो कुरतडतो, उलगडलं की नक्षी दिसते. घरमालक म्हणत होते थंडीनं झालं. थंडीचा डाग असा नीटस नसतो. शेजारी कुजलेल्या शेणखताचा ढीग होता, तिथेच त्याच्या अळ्या वाढतात. ढीग हलवायला सांगितलं.

१८ मे

डिसेंबरात पाहिलेली झाडं पुन्हा बघायला निघाले, सकाळी सहालाच, कारण नऊनंतर बाहेर उभं राहवत नाही. नागपूरनं मे २०१३ मध्ये ४७.९ अंश पाहिले आहेत. ३.५ पासून ४७.९ पर्यंत. विल्मिंग्टनच्या पामना हिवाळा जड जातो, इथल्यांना उन्हाळा.

यादी उलटीपालटी झाली. रॉयल, जे थंडीत निर्धास्त होते, त्यांच्या खालच्या झावळ्या भाजल्यासारख्या. जिथे रोज पाणी आहे तिथे बरे, दुभाजकावर केविलवाणे. एका बागेतल्या फॉक्सटेलच्या टोकांना करप. हा पाम क्वीन्सलँडमधल्या केप मेलव्हिलचा, शास्त्रात त्याची नोंदच १९८३ साली झाली, आणि आज तो आपल्या प्रत्येक नर्सरीत. अरेका उन्हातला पिवळा, सावलीतला हिरवा. नारळाची सुपारीएवढी फळं खाली पडलेली. लिव्हिस्टोना भिंतीच्या सावलीत ठीक. वॉशिंग्टोनिया जसाच्या तसा.

शिंदीकडे जायला दुपार झाली. एकही पान वाळलेलं नाही. मादी झाडांवर नारिंगी फळांचे घोस धरले आहेत.

८ जून, सोसायटीची बैठक

सगळं वाचून दाखवलं. अध्यक्षकाका शांतपणे ऐकत होते, मग म्हणाले, “शिंदी म्हणजे ताडीचं झाड ना? आपल्या गेटवर?” मी त्यांना काटोल रोडचे फोटो दाखवले. त्यांच्याच लहानपणी गावच्या लग्नात शिंदीच्या पानांचा मांडव असायचा, हे त्यांना आपोआप आठवलं. बराच वेळ त्यावर बोलले.

विरोध एका आईनं केला आणि तो रास्त होता. शिंदीच्या खालच्या पाती काट्याच्या असतात, बोटभर लांब, टोकदार, आणि पहिली काही वर्षं त्या नेमक्या लहान मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर येतात. हे माझ्याकडून लिहायचं राहिलं होतं.

म्हणून असं ठरलं: मागच्या कंपाउंडच्या भिंतीलगत, जिथे मुलं खेळत नाहीत, तिथे चौदा शिंदी. खेळाच्या जागेकडे सावलीत सहा लिव्हिस्टोना. उरलेल्या चार जागा रॉयलच्या, गेटपाशी, कारण तिथे पाण्याची लाइन आहे आणि काकांची इच्छाही आहे.

शिंदीचं रोप कुठेच मिळेना. तीन नर्सऱ्यांत विचारलं. एके ठिकाणी म्हणाले, “रोप नाही, मोठं झाड आणून देतो, क्रेननं.” म्हणजे कुणाच्या तरी बांधावरचं उपटून. नको म्हटलं.

२९ जून

दादांबरोबर काटोल रोड. खाली पडलेली पिकली फळं वेचली, दोन पिशव्या. गर काढून बिया धुतल्या, दोन दिवस पाण्यात भिजवल्या. वाळू आणि गाळाची माती निम्मी-निम्मी, उंच पिशव्या, कारण मूळ सरळ खोल जातं. साठ बिया लावल्या. चौदा हव्यात, पण शिंदीत नर-मादी वेगळी, आणि फुलोरा येईपर्यंत कोणती कोण हे कळत नाही. शिवाय काही देऊन टाकायच्या आहेत.

भाचीला फोटो पाठवला. तिनं विचारलं, हे केवढं होणार आणि कधी? माझ्या हयातीत माझ्याएवढं झालं तरी पुष्कळ.

२४ ऑगस्ट

सकाळी दादा पिशव्यांतलं गवत उपटत होते. एकदम थांबून हाक मारली, “ताई, हे गवत नाही वाट्टे.”

एकच पान, बोटभर, तलवारीच्या पात्यासारखं, कडक. बी जिथे पुरली तिथून दोन बोटं लांब उगवलेलं. शिंदी असंच करते; बीमधून एक नळी आधी खाली जाते, रोप त्या नळीच्या टोकाला जन्मतं. पन्हाळीसारखी घडी, वर उघडी. दादांनी ती बोटानं चाचपली आणि माझ्याकडे बघून मान हलवली.

साठपैकी नऊ आले आहेत. उपटलेल्या गवतात आणखी दोन सापडले, ते परत लावले.